पाटी लावण्यापूर्वी

गाळा ताब्यात येतो, रंगकाम होते, रॅक लागतात, उद्घाटनाचा मुहूर्त चार दिवसांवर येतो आणि मग पाटीची आठवण होते. पाटीवाला टेप घेऊन येतो, "किती बाय किती करायची?" असे विचारतो आणि "बसेल तेवढी मोठी करा" हे उत्तर घेऊन जातो. परवानगी, वजन, वारा, वीज, मराठी अक्षरांचा आकार यांपैकी काहीच त्या बोलण्यात येत नाही. ते सगळे पुढे येते, पण महापालिकेची नोटीस हातात पडल्यावर, नाहीतर वळवाच्या पहिल्या वाऱ्यात पाटीचा कोपरा निखळल्यावर.

हा लेख नवे दुकान, दवाखाना, क्लास किंवा खानावळ सुरू करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या इमारतीच्या छतावर होर्डिंग आहे त्या सोसायट्यांसाठी आणि रोज अशा फलकांखालून जाणाऱ्या प्रत्येकासाठीही तो आहे. पाटी तुमच्या पैशाची आणि तुमच्या भिंतीवरची असते, पण तिच्याखालचा रस्ता सगळ्यांचा असतो. शहरांनी केलेले सगळे नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत. ती ध्यानात ठेवली तर नियम पाळणे सोपे जाते आणि धंद्याचेही भले होते.

हे नियम कशासाठी

१३ मे २०२४ रोजी दुपारी मुंबईत वादळी वारा सुटला आणि घाटकोपरच्या छेडा नगरमधले प्रचंड होर्डिंग शेजारच्या पेट्रोल पंपावर कोसळले. १७ जणांचा जीव गेला. होर्डिंग सुमारे १२० फूट बाय १२० फूट होते. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते आणि वाऱ्याचा जोरही नऊपट जागेवर बसतो.

त्याआधी १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे येथे अनधिकृत होर्डिंग पडून ५ जण दगावले. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या शाहीर अमर शेख चौकात होर्डिंगचा सांगाडा काढण्याचे काम चालू असताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला. त्यात ४ जण गेले. या तिन्ही घटनांत मेलेल्यांचा त्या जाहिरातीशी काडीचा संबंध नव्हता. ती माणसे फक्त तिथून जात होती किंवा थांबली होती. पाटीचा आकार, पाया आणि मुदत याबद्दल महापालिका जे विचारते, ते त्यांच्या वतीने विचारलेले प्रश्न आहेत.

तुमची पाटी कोणत्या प्रकारात मोडते

बृहन्मुंबईत १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३२८ आणि ३२८अ लागू होतात. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २४४ आणि २४५ लागू होतात. त्याखाली राज्याने जाहिराती व आकाशचिन्हांबाबत २०२२ मध्ये नवे नियम काढले. कायद्याची भाषा जड असली तरी त्यातली वाटणी स्पष्ट आहे.

पहिला प्रकार आकाशचिन्ह. खांबावर, सांगाड्यावर किंवा छतावर उभी केलेली आणि रस्त्यावरून पाहताना जिचा काही भाग आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो, ती पाटी किंवा आकृती आकाशचिन्हात मोडते. गच्चीवरचे होर्डिंग यात येते. तुमच्या दुकानाच्या कठड्यावरून वर डोकावणारी अक्षरेही यात येऊ शकतात. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय आकाशचिन्ह उभे करता येत नाही. मुंबईच्या कायद्यात ही परवानगी एका वेळी जास्तीत जास्त २ वर्षांची असते. मुदतीच्या आत फलकाचा आकार वाढवला, त्यात बदल केला, त्याचा एखादा भाग पडला, किंवा ज्या इमारतीवर तो आहे तिच्या बदलामुळे तो हलवावा लागला, तर परवानगी आपोआप रद्द होते. "परवानगी होती" एवढे म्हणून सुटका होत नाही. ती आज, आत्ताच्या फलकाला लागू आहे का, हे पाहावे लागते.

दुसरा प्रकार रस्त्यावरून दिसणाऱ्या बाकीच्या जाहिरातींचा. त्यांनाही लेखी परवानगी लागते, पण मुंबईच्या कायद्यात लहान व्यावसायिकाला मोलाची सवलत आहे. त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाची माहिती देणारी पाटी, जागेचे किंवा मालकाचे नाव सांगणारी पाटी, ती जागा विकणे वा भाड्याने देणे आहे हे सांगणारी पाटी आणि खिडकीच्या आत लावलेली जाहिरात यांना परवानगीची गरज नाही. त्यासाठी दोन अटी आहेत: पाटी प्रकाशित नसावी आणि ती आकाशचिन्ह नसावी.

म्हणजे साधी रंगवलेली पाटी आणि ग्लो साइन बोर्ड यांत कायदा फरक करतो. आतून दिवे लावले किंवा एलईडी अक्षरे बसवली की सवलत संपते आणि अर्ज करावा लागतो. बरेच दुकानदार इथेच अडकतात, कारण पाटीवाला दिव्यांचा दर सांगतो, दिव्यांबरोबर येणाऱ्या परवान्याबद्दल बोलत नाही.

आणखी एक सापळा फुकटच्या पाटीचा. शीतपेयाची, मोबाइलची किंवा रंगाची कंपनी "बोर्ड आमच्याकडून" म्हणते आणि पाटीच्या अर्ध्याहून अधिक भागावर तिचेच नाव असते. मग ती पाटी दुकानाचे नाव सांगते की कंपनीची जाहिरात करते, असा प्रश्न निरीक्षक विचारू शकतो, आणि उत्तर द्यायला कंपनीचा माणूस तिथे नसतो. अशी पाटी घ्यायचीच असेल तर परवाना आणि शुल्क कोणाच्या नावे, हे आधी लिहून घ्या.

मराठी नाव, तेही मोठे

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ मध्ये कलम ३६क घातले गेले. त्यानुसार नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असलाच पाहिजे. कामगार कितीही कमी असले तरी यातून सूट नाही. इतर भाषा सोबत चालतात, पण मराठी मजकूर सुरुवातीला हवा आणि त्याची अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत मराठी नाव लिहिणे पुरेसे नाही. जिथे मद्य विकले किंवा दिले जाते, अशा आस्थापनेला महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत.

व्यापाऱ्यांची संघटना या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा पाटी बनवण्याआधीच मराठी नावाची मांडणी पक्की करा. आधी इंग्रजी नाव मांडून उरलेल्या जागेत मराठी कोंबले तर पाटी वाईट दिसते आणि दंडालाही पात्र होते.

अर्ज करण्यापूर्वी आणि करताना

मुंबईत विभाग कार्यालयातील अनुज्ञापन खात्याकडे जा, पुण्यात आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे. इतर शहरांत प्रभाग कार्यालयात चौकशी केली तर योग्य टेबल सापडते. पाटीवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी ही फेरी मारा. विचारायचे प्रश्न असे:

• माझ्या गाळ्याच्या दर्शनी लांबीला किती उंचीपर्यंतची पाटी विनाशुल्क चालते?
• प्रकाशित पाटीला शुल्क किती आणि ते चौरस फुटावर की चौरस मीटरवर? (१ चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट. इथे घोटाळा झाला की हिशोब दहापट चुकतो.)
• भिंतीपासून रस्त्याकडे किती बाहेर काढता येते आणि खालून किती उंची मोकळी ठेवायची?
• डिजिटल पडदा असल्यास प्रकाशाची मर्यादा आणि बंद करण्याची वेळ कोणती?
• इमारत वारसा यादीत किंवा वारसा परिसरात आहे का? असल्यास वारसा समितीची संमती लागेल का?

उत्तरे तोंडी मिळाली तरी अर्ज लेखीच करा आणि पोचपावती घ्या. सोबत साधारणपणे जागेच्या मालकीचा किंवा भाड्याचा पुरावा, जागामालकाचे वा सोसायटीचे ना हरकत पत्र, दुकानाची नोंदणी, पाटीचे मापांसह रेखाचित्र आणि जागेचा फोटो लागतो. मोठ्या फलकाला संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्रही द्यावे लागते. भाड्याचा गाळा असेल तर करारातच पाटीची जागा आणि माप लिहून घ्या. गाळा माझा असला तरी वरची भिंत सोसायटीची, हा वाद पुढे फार त्रास देतो.

जाहिरात कराबद्दल थोडे. जीएसटी आणताना झालेल्या घटनादुरुस्तीत राज्य सूचीतील जाहिरात कराची ५५ क्रमांकाची नोंद वगळली गेली. आता महापालिका घेते ते परवाना शुल्क. पावतीवर कोणत्या शीर्षाखाली आणि कोणत्या कालावधीसाठी पैसे घेतले, हे वाचून ती पावती परवान्यासोबत ठेवा. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून टाका.

राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, बंदर किंवा एखाद्या प्राधिकरणाची जमीन जवळ असेल तर हद्द नेमकी कोणाची हे तपासा. घाटकोपर आणि पुणे, दोन्ही ठिकाणचे फलक महापालिकेच्या नव्हे तर दुसऱ्या यंत्रणेच्या ताब्यातील जागेवर होते. कागदावर हद्द बदलली तरी खाली उभ्या असलेल्या माणसाचा धोका तेवढाच राहतो.

वाऱ्याचा हिशोब

पाटी स्वतःच्या वजनाने क्वचित पडते. तिला वारा पाडतो. इमारती आणि सांगाड्यांवरचा वारा कसा मोजायचा हे भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिले आहे. त्यात मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. पुण्यासाठी तो ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा वेग रोजचा नाही. पन्नास वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा झोताचा आहे, पण तो कोणत्या वर्षी येईल हे सांगता येत नाही.

वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. मुंबईच्या वेगाला तो सुमारे ११८ किलो वजनाइतका होतो, पुण्याच्या वेगाला सुमारे ९३ किलो. आता २० फूट बाय ३ फुटांची पाटी घ्या. तिचे क्षेत्रफळ साधारण साडेपाच चौरस मीटर. वाऱ्याच्या आडवी उभी असेल तर मुंबईत तिच्यावर साडेसहाशे किलोंचा आणि पुण्यात पाचशे किलोंचा धक्का बसू शकतो. प्रत्यक्षात उंची, आजूबाजूची वस्ती आणि पाटीचा आकार यांनुसार हा आकडा कमीजास्त होतो. तो काढणे अभियंत्याचे काम. पण मध्यम आकाराच्या पाटीलाही शेकडो किलोंची पकड लागते, एवढे दुकानदाराला माहीत असावे.

म्हणून पाटी बसवताना स्वतः उभे राहून पुढील गोष्टी पाहा.

सांगाडा कशात अडकवला आहे? काँक्रीटच्या तुळईत वा खांबात अँकर फास्टनर बसवलेले हवेत. विटांच्या भिंतीवरील गिलाव्यात ठोकलेल्या प्लगवर मोठी पाटी टांगू नये. पत्र्याच्या शेडला बांधणे त्याहून वाईट, कारण मग पाटीबरोबर शेडही जाते.

वेल्डिंग अखंड आहे की नुसते टाके मारले आहेत? वेल्डवर प्राइमर लावला आहे का? मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेच्या गावांत रंग न लावलेला सांधा लवकर गंजतो आणि गंज आतून खात असल्याने बाहेरून कळत नाही. अशा ठिकाणी गॅल्व्हनाइज्ड सामान वापरा.

जुनी पाटी काढली की तिच्यावरच नवी चढवली? एसीपीच्या (ॲल्युमिनियमच्या थरांच्या फळीच्या) मागे जुना पत्रा, त्याच्यामागे त्याहून जुने फ्लेक्स, असे थर बाजारपेठेत सर्रास दिसतात. वजन वाढत जाते आणि बोल्ट मात्र पहिल्या पाटीच्या हिशोबाचेच राहतात. जुने सगळे उतरवूनच नवे लावा. उतरवण्याचे काम वर्दळीच्या वेळी करू नका. खालचा पदपथ दोरीने बंद करा, माणसाला सुरक्षा पट्टा द्या आणि सांगाडा आधी दोराने वा क्रेनने धरून मगच कापायला घ्या.

विजेची काळजी

प्रकाशित पाटीला स्वतंत्र एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी असावी आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग असावेच. पावसात ओल्या सांगाड्यात वीज उतरली तर शटर उघडणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. एलईडीला वीज पुरवणारा एसएमपीएस पाण्यापासून झाकलेल्या पण हवेशीर डब्यात ठेवा. वायरचे जोड नुसत्या टेपने गुंडाळू नका. रस्त्यावरच्या खांबावरून किंवा शेजाऱ्याच्या मीटरवरून जोड घेऊ नका. विम्याचा दावा करताना अशा जोडण्या अडचणीत आणतात.

लहान पाटीही लांबून वाचता येते

मोठ्या पाटीचा हट्ट बहुतेकदा भीतीपोटी असतो: आपण गिऱ्हाइकाच्या नजरेस पडलो नाही तर? पाटी बनवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा आहे की दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचे अक्षर सहज वाचता येते. ४० फुटी रस्त्याच्या पलीकडून वाचायचे तर अक्षराचा मुख्य भाग ४ ते ५ इंचांचा असला तरी चालते. ३ फुटी पाटीत तो याच्या तिप्पट मोठा सहज बसतो.

देवनागरीला मात्र वर वेलांटी-मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. मुख्य अक्षर पाटीच्या उंचीच्या निम्म्याहून मोठे केले की वेलांटी कडेला चिकटते नाहीतर मात्रा कापली जाते. "श्री"ची वेलांटी चौकटीबाहेर गेलेल्या पाट्या प्रत्येक बाजारात आहेत. मजकूर कमी ठेवा: नाव, कामाचे एका ओळीतले वर्णन, बस. सहा मोबाइल क्रमांक, चार ब्रँडची बोधचिन्हे आणि मालकाचा फोटो एकत्र आले की त्यातले काहीच वाचले जात नाही. गडद पार्श्वभूमीवर फिकट किंवा फिकटावर गडद अक्षरे ठेवा. लालावर निळे, हिरव्यावर लाल टाळा.

पाटी कारागिराकडे जाण्याआधी साध्या कागदावर एक अक्षर खऱ्या मापात छापून भिंतीवर चिकटवा आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहा. दहा रुपयांच्या या कागदाने हजारोंचा चुकीचा खर्च वाचतो.

फ्लेक्स, खांब आणि झाडे

सेल, दहावीचे निकाल, उत्सवाच्या शुभेच्छा यांसाठी लोक सहज फ्लेक्स लावतात. सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय तो लावणे १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा ३ महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलक हटवण्याबाबत महापालिका-नगरपालिकांना सविस्तर आदेश दिले आहेत.

सिग्नल, दिशादर्शक फलक, विजेचे खांब, पुलांचे कठडे, दुभाजक ही जाहिरातीची ठिकाणे नव्हेत. झाडाला खिळा मारून पाटी लावू नका. खिळ्याची जखम कुजते, त्यातून कीड शिरते आणि मोठे झाड पोखरले जाते. पदपथावर ठेवलेल्या स्टँडीमुळे म्हाताऱ्या माणसाला, पांढरी काठी घेतलेल्या व्यक्तीला किंवा बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला रस्त्यावर उतरावे लागते. आपल्या दारातल्या जाहिरातीसाठी कोणाला वाहनांत ढकलू नये, एवढे तर आपण पाळू शकतो.

सोसायटीच्या गच्चीवर होर्डिंग असेल तर

भाड्याचा आकडा पाहून घाई करू नका. सर्वसाधारण सभेचा ठराव करा आणि महापालिकेच्या परवान्याची प्रत स्वतः तपासा. सांगाड्याचा भार छताच्या स्लॅबवर न जाता खांबांतून खाली उतरतो, असे सोसायटीने स्वतः नेमलेल्या अभियंत्याकडून लिहून घ्या. कंपनीने आणलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा करारात बंधनकारक करा. करार संपल्यावर सांगाडा किती दिवसांत उतरवायचा आणि न उतरवल्यास अनामत रकमेतून खर्च कसा वळता करायचा, हेही लिहा. जाहिरात नसलेले गंजके सांगाडे गच्च्यांवर वर्षानुवर्षे उभे राहतात, कारण हे कलम करारात नसते. बेस प्लेटभोवती पाणी मुरते का, हे दर पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या छतावर पाहा.

नागरिकांनी काय करावे

संशयास्पद फलक दिसला तर फोटो काढा, ठिकाण आणि वेळ लिहा आणि त्यावर परवान्याचा क्रमांक व मुदत आहे का ते पाहा. नसेल तर महापालिकेच्या तक्रार यंत्रणेवर नोंद करून तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या फलकाच्या परवान्याची आणि स्थैर्य प्रमाणपत्राची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. वादळी वाऱ्यात होर्डिंगखाली किंवा त्याच्या आडोशाला उभे राहू नका.

शहर सुधारते ते दुकानदारांमुळे

मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावर जुन्या दगडी कमानी वेड्यावाकड्या पाट्यांनी झाकून गेल्या होत्या. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी तिथे पाट्यांसाठी मार्गदर्शिका तयार केली. दुकानदारांनी पाट्या कमानींच्या आत बसवल्या, तशा कमानी पुन्हा दिसू लागल्या. युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत २००४ मध्ये या कामाची नोंद झाली. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहराने महापौर जिल्बेर्तो कसाब यांच्या काळात २००६ मध्ये 'स्वच्छ शहर' कायदा केला आणि १ जानेवारी २००७ पासून होर्डिंग बंद केली. तिथे १० मीटरपेक्षा कमी दर्शनी भाग असलेल्या दुकानाला दीड चौरस मीटरचीच पाटी मिळते. सगळ्यांनाच एक मर्यादा लागू झाली की शेजाऱ्यापेक्षा मोठी पाटी लावण्याची धडपड थांबते. आपल्याकडे एखाद्या गल्लीतल्या व्यापारी मंडळाने एक उंची, एक रेषा ठरवली तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

सुरुवात आपल्याच पाटीपासून करा. मे महिना लागण्यापूर्वी रस्त्याच्या पलीकडे जाऊन तिच्याकडे नीट बघा. परवाना चालू आहे का, बोल्ट आणि सांधे गंजलेत का, मराठी नाव ठळक आहे का, हे तपासा. उणीव असेल तर पावसाआधी कारागीर बोलवा. यात एक दिवस जाईल आणि थोडे पैसे जातील. पण तुमच्या दारासमोरून जाणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेची जबाबदारी पाटी लावली त्या दिवशीच तुमच्यावर आली आहे, आणि ती निभावलीच पाहिजे.